या अंकात आत्या मरत नाही

मासिकाने माझ्या कथांवर विशेषांक काढला आणि संपादकांनी मला न विचारता प्रकाशनाला माझ्या आत्यालाच बोलावलं. माझ्या जवळजवळ प्रत्येक कथेत एक खाष्ट आत्या असते आणि शेवटी ती मरते. कधी जिन्यावरून पडून, कधी विहिरीत, एकदा तर कपाटाखाली सापडून.

समीक्षकाने भाषणात नेमकं या मरणांचंच रसभरीत कौतुक केलं. गडी थांबेचना. पहिल्या रांगेत आत्या मांडीवर अंक घेऊन ढिम्म बसली होती.

मग ती माइकपाशी गेली. "कपाटाखालची ती मीच," ती म्हणाली. "चष्मा माझा, शिंकणंही माझंच."

मी खुर्चीत अंग चोरून बसलो.

"त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. इतकी वर्षं मी मुकाट्याने मरत आले. पण या अंकातल्या नव्या कथेत मेली कोण, तर मावशी." माझ्याकडे वळून आत्या म्हणाली, "तुला अंगाखांद्यावर खेळवलं मी. त्या बाईनं तुझ्यासाठी असं काय केलंय रे?"

दुसऱ्या रांगेत मावशी गालातल्या गालात हसत होती.