एकशे दहा फूट वायर

आमच्या साखर कारखान्यात कॉम्प्युटर आला, त्या साली त्याची बडदास्त नव्या जावयाहून जास्त. काचेची खोली, गार हवेचं मशीन आणि दारावर पाटी: चपला बाहेर काढा. धूळ गेली तर बिघडतं म्हणे. उसाच्या गाड्या घेऊन येणाऱ्यांनी आत डोकावायचं न्हाय, हा त्या पाटीचा खरा अर्थ.

मी खतिजा, त्यावरची ऑपरेटर. सहा महिने हंगामी, मार्चात कायमची ऑर्डर निघणार हुती. आमच्या घरात पगार आणणारी पहिली बाई मीच, त्यामुळं अम्मीनं सगळ्या गल्लीला सांगून ठेवलेलं.

काम सोपं. गाडी काट्यावर चढली की वजन आपोआप माझ्या पडद्यावर यायचं, मी गाडीवाल्याचं नाव टाकायची. पावती छापायचं मशीन अजून आलं न्हवतं, म्हणून काटा क्लार्क हंबीरराव शेजारी बसून आकडा बघायचे आणि पावती हातानं लिहायचे. पडद्यावर चोवीस क्विंटल, पावतीवर बावीस. रोज, गाडीमागं गाडी. मी विचारलं तर म्हणाले, पाला-माती वजा करावी लागते. मॅनेजरला सांगितलं तर म्हणाला, तू आपली बटणं दाब. माझ्या डोळ्यांदेखत लोकांचा ऊस खाल्ला जात हुता आणि मी गार हवेत बसून नावं टाकत हुते. घास गोड लागंना झाला.

मग उद्घाटन ठरलं. चेअरमन साहेब काही बूट काढणार न्हाईत, आणि बुटासकट आत न्यावं तर मग पाटी कशाला लावलीय? मॅनेजरनं तोड काढली, दुसरा पडदा बाहेर मांडवात मांडा. काम माझ्या अब्बांवर आलं, ते कारखान्याचे वायरमन. टीव्हीच्या अँटेनाची जाड वायर, एकशे दहा फूट, खिडकीच्या फटीतनं काढून काट्याच्या कडंनं मांडवात नेली. सुरू केलं तर प्रत्येक आकड्याला सावली, एकाचे दोन दिसायला लागले. हंबीरराव पोट धरून हसले. अब्बांनी वायरीच्या शेवटाला, सिग्नल माघारी फिरू नये म्हणून, जोंधळ्याच्या दाण्याएवढा रेझिस्टन्स बसवला. आकडा स्वच्छ उभा राहिला. चेअरमन साहेबांनी बुटात उभं राहून टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी वायर गुंडाळायचा हुकूम निघाला. मी न्हाय गुंडाळली. सकाळी लवकर जाऊन तो पडदा उचलला आणि काट्याकडं तोंड करून टेबलावर ठेवला.

पहिलीच गाडी हातकणंगल्याकडच्या बयाबाईची. नवरा गेल्यापासनं कासरा स्वतःच धरणारी बाई. अक्षरं येत न्हाईत, आकडे येतात. तिनं पडदा बघितला, खिडकीतनं आलेली पावती बघितली, परत पडदा बघितला आणि बैल काट्यावरच थांबवले. खरं वजन लिहिल्याबिगर हालत न्हाय म्हणाली. मागं गाड्यांची रांग फाट्यापर्यंत गेली.

मॅनेजर पळत आला. मला म्हणाला, वायर काढ, न्हायतर ऑर्डर विसर. मी म्हटलं, न्हाय काढत. तेवढ्यात हंबीररावांनी खोलीतच राहिलेल्या अब्बांच्या पिशवीतली पक्कड घेतली आणि खिडकीपाशीच वायर तोडली. बाहेरचा पडदा काळा झाला.

अम्मी डोळ्यांपुढं आली. नोकरी जाणार हे दिसत हुतं. पण राग त्याहून मोठा हुता. मी उठले आणि काचेचं दार सताड उघडलं.

"बयाबाई, वायर तोडली ह्यांनी. आता तुम्हीच आत या. चपला घालून या."

बयाबाई आली. शेणामातीच्या चपला करकर वाजवत आली, तिच्यामागं रांगेतले गाडीवान. पडद्यावर बोट टेकवून तिनं आकडा वाचला आणि हंबीररावांकडं वळली.

"चोवीस साठ. लिव्ह."

त्यांनी लिहिलं.

मला त्याच दिवशी घरी पाठवलं. ऑर्डर निघाली न्हाय. न्हाय तर न्हाय, मी काही पाया पडायला गेले न्हाय. पण दुसऱ्या दिवसापासनं आकडा बघितल्याबिगर एकही गाडी काट्यावरनं उतरंना. दिवसाला शंभर गाडीवान चपला घालून त्या गार खोलीत जायला लागले. आठव्या दिवशी मॅनेजरनं अब्बांना बोलवून घेतलं आणि वायर जोडून पडदा परत काट्यावर लावायला सांगितला.

मशीनला धूळ चालत न्हाय की.