शेपटी तीच, तोंड वेगळं

आबांनी जन्मभर इंग्रजी हाताळलं, बोलले मात्र कधीच नाहीत. एकतीस वर्षं छापखान्यात कंपोझिटर होते. अक्षराचा एकेक शिशाचा खिळा खणातून उचलायचा, हातातल्या लोखंडी स्टिकमध्ये लावायचा, ओळ भरली की पुढची ओळ. शाळकरी शब्दकोशाच्या चार आवृत्त्या त्यांच्या बोटांखालून गेल्या होत्या, त्यामुळे शब्दांना आणि अर्थांना त्यांच्याकडे तोटा नव्हता. वाक्य बोलायचं म्हटलं की बोबडी वळायची. ते कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून ते वाक्यांनाच नाकं मुरडत.

छापखाना बंद पडला तेव्हा खिळ्यांची एक केस, म्हणजे खणाखणांची लाकडी पेटी, त्यांनी मागून घेतली. ती खिडकीखाली पडून होती. लेक इंग्रजीच्या परीक्षेत दोनदा नापास झाली तेव्हा आबांनी त्या पेटीवरची धूळ पुसली.

लेक इस्पितळात परिचारिका, सोळा वर्षं कंत्राटावर. आबा तिला अजून छकुलीच म्हणायचे, आणि छकुलीच्या कानामागचे केस पांढरे झाले होते. इस्पितळाचे मालक बदलले आणि नव्या मालकांनी नियम काढला, की इंग्रजीची तोंडी परीक्षा पास होईल त्यांना कायम करायचं, बाकीच्यांना महिनाअखेर नारळ. परीक्षा संगणक घेणार. त्याने वाक्य ऐकवायचं, त्यातला एक शब्द पुन्हा उच्चारायचा, आणि दहा सेकंदांत त्या शब्दाचा मराठी अर्थ सांगायचा. असे दहा प्रश्न, सहा बरोबर हवेत. संधी तीनच. इंजेक्शनाला शीर सापडत नसली की डॉक्टर तिला हाक मारायचे, पण संगणकाला त्याचं काय!

वरच्या मजल्यावर शिकवण्या घेणाऱ्या बाई राहायच्या. त्या आपण होऊन खाली आल्या. म्हणाल्या, "काका, रोज तासभर पाठवा तिला माझ्याकडे. वाक्यांतून शिकली की शब्द आपोआप बसतात. मला काही नको त्याचं."

"तुम्ही कशाला त्रास घेता?" आबा म्हणाले. "घरात शब्दकोश बसलाय की जिवंत!"

बाई हसून गेल्या. छकुली दाराकडे बघत राहिली, पण वडिलांचा शब्द तिने कधी मोडला नव्हता.

आबांची रीत छापखान्यातलीच होती. आय-जी-एच-टी ही चार अक्षरं स्टिकमध्ये एकदा लावली की हलवायची नाहीत. शेपटी तीच, तोंड तेवढं बदलायचं. आधी एका अक्षराची तोंडं, मग दोन अक्षरांची. बारा शब्दांचा एक घोस. फाइट म्हणजे भांडण, लाइट म्हणजे उजेड, माइट म्हणजे ताकद, नाइट म्हणजे रात्र... असे वेगवेगळ्या शेपट्यांचे अठ्ठावीस घोस त्यांनी जुळवले, रोलरने शाई फासून कागदावर उठवले आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवर ओळीने चिकटवले. छकुली कणीक मळताना म्हणायची, कपडे वाळत घालताना म्हणायची. पाठांतराला असा ठेका आला होता, की एकदा भांडी घासता घासता तिला हसूच फुटलं. "आबा, मला झोपेतून उठवून विचारा!"

मध्येच एखादा शब्द गाळला की आबा टेबलावर बोटाचं पेर आपटायचे. "उडी मारायची नाही. एक ओळ गाळली की अख्खं पान वाया जातं. पुन्हा पहिल्यापासून."

एकदा त्यांनी गंमत म्हणून मधलाच शब्द विचारला. छकुलीने डोळे मिटले, ओठांतल्या ओठांत घोस सुरू केला, त्या शब्दापाशी आली आणि अर्थ सांगितला. अगदी बिनचूक. आबांची छाती फुगली. किती वेळ लागला हे त्यांनी मोजलं नाही. कंपोझिटरला चूक दिसते, घड्याळ दिसत नाही.

परीक्षेच्या दिवशी ते दुपारपासून दारात खुर्ची टाकून बसले होते. छकुली कोपऱ्यावर वळली तेव्हा तिची चाल पाहूनच ते खुर्चीतून उठले. ती आत आली, चपला काढल्या, पाणी प्यायली.

"अवघड होते का गं शब्द?"

"नाही आबा. सगळे आपल्याच घोसांतले होते. दहाच्या दहा."

"मग?"

"पेशंटच्या पायाला सूज आहे, अशा अर्थाचं वाक्य होतं. शब्द विचारला स्लाइट. मला येत होता. मी फाइटपासून सुरुवात केली. फ्लाइटपर्यंत पोचले आणि घंटा वाजली." तिने पेला धुऊन पालथा घातला. "पुढचा शब्द दुसऱ्या घोसातला. तिथेही तेच. भराभर म्हणायला गेले तर मधलाच विसरायची, मग पुन्हा पहिल्यापासून. तीन आले, ते घोसाच्या तोंडाशी होते म्हणून. शेजारच्या खुर्चीवरचा मुलगा वळून बघत होता, ही बाई पुटपुटते काय म्हणून."

संधी संपल्या होत्या, महिना संपायला अकरा दिवस होते. पोरीला शब्द कमी पडले असते तर आबांनी नशिबाला दोष दिला असता. शब्द पुरेपूर होते. ते बाहेर यायची वाट तेवढी एकच होती, आणि ती त्यांनी स्वतःच्या हातांनी बांधली होती. वरच्या बाई आठवल्या आणि त्यांना स्वतःची शरम वाटली.

"माझ्यामुळे झालं हे," ते म्हणाले.

"असं नका म्हणू, आबा." तिने एवढंच म्हटलं. तुमच्यामुळे नाही, असं मात्र ती म्हणाली नाही.

ते उठले, केसपाशी बसले. स्टिकमध्ये ती चार अक्षरं अजून तशीच होती. छपाई झाली की मजकूर मोडायचा आणि खिळे ज्याच्या त्याच्या खणात टाकायचे, हे काम त्यांनी डोळे मिटून केलेलं. आज एक खिळा चुकीच्या खणात पडला. तो काढायला ते वाकले आणि त्यांना वाटलं, हे मोडता येतं तर पोरीच्या डोक्यातले घोसही मोडता येतील. नवी नोकरी शोधायला तरी उपयोगी पडेल.

"छकुली, इकडे बस. आता घोस विसर. मी विचारेन, तू फट्‌दिशी सांग. काही म्हणजे काही आठवायचं नाही. स्लाइट?"

तिने तोंड उघडलं. ओठ हलले आणि तिने पटकन तोंडावर हात ठेवला. हाताआड ओठ हलतच होते. आबांनी मान फिरवली, भिंतीकडे पाहिलं. त्यांच्या स्वतःच्या डोक्यात तोवर नाइट, रात्र, येऊन गेलं होतं.

तिने हात खाली घेतला. मध्ये थांबणं जमत नव्हतं, तेव्हा ती उघडच म्हणू लागली आणि तेही तिच्याबरोबर म्हणू लागले. टाइट म्हणजे घट्ट, ब्राइट म्हणजे लख्ख, फ्लाइट म्हणजे उड्डाण, फ्राइट म्हणजे धास्ती, प्लाइट म्हणजे दुर्दशा.

"स्लाइट म्हणजे किंचित," दोघं एकदम म्हणाले.

अर्थ अगदी बरोबर होता.