लांब स्क्रू

स्टुलावर चढून तिनं भिंतीवरच्या कपाटाच्या कडेला एक बोट अडकवलं आणि हलकेच ओढलं. भिंत आणि कपाट यांच्यात फट पडली. बोट सोडल्यावर ती मिटली, पण चिमूटभर गिलावा खाली ओट्यावर सांडला. तो तिनं ओल्या फडक्यानं टिपून घेतला आणि कपाटात ताटं भरायला घेतली.

नणंदेनं दिलेला जड डिनर सेट तिनं उजव्या अंगाला रचला. त्याच्या पुढ्यात नवऱ्याला ऑफिसातून मिळालेले काचेचे वाडगे. स्वतःच्या आईची बरणी आणि चहाचे दोन आवडते कप मात्र तिनं सकाळीच टॉवेलात गुंडाळून खालच्या खणात ठेवून दिले होते.

हे नवं स्वयंपाकघर नवऱ्यानं स्वतःच्या हातानं केलं होतं. निदान तसं सांगून झालं होतं सगळीकडे. ऑफिसातून रजा टाकून, मोबाइलवर व्हिडिओ बघत, गवंडी आणि सुतार यांच्या नावानं बोटं मोडत त्यानं फरशा बसवल्या, नळ जोडला, दार लावलं. नळ गळायला लागला. तो बाजारात गेल्यावर तिनं नळ सोडवला, आट्यांवर नीट टेप गुंडाळली आणि पुन्हा पिळून बसवला. दार जमिनीला घासायचं. तो ऑफिसला गेल्यावर तिनं बिजागऱ्या सोडवल्या, दार आडवं टाकलं आणि खालची कड रंध्यानं उतरवली. संध्याकाळी त्यानं दार एका बोटानं ढकललं आणि शेजाऱ्यांना हाक मारली.

"बघा, लोण्यासारखं फिरतंय की नाही?"

तिचे वडील सुतार होते. लहानपणी फळीचं दुसरं टोक धरायला तीच असायची. हात दुखले तरी सोडायचं नाही, ही तिथली शिस्त. लग्न होऊन आल्यावर एकदा तिनं डुगडुगणारी खुर्ची दुरुस्त करायला घेतली, तेव्हा नवऱ्यानं नणंदेसमोरच हातोडा काढून घेतला होता. "घरात पुरुष असताना बाईनं ठोकाठोकी करायची? लोक तोंडात शेण घालतील माझ्या." तेव्हापासून ती सगळं त्याच्या माघारी करायची. तो जोडायचा, ती त्याचं जोडलेलं पुन्हा जोडायची, आणि पाहुण्यांसमोर तो हसत सांगायचा, "आमच्या हिला स्क्रू कुठल्या बाजूला फिरतो तेही ठाऊक नाही." पाहुणे हसायचे. ती ट्रे उचलून आत यायची.

राग यायचा. पण त्याला कळतच नाही, तर रागवायचं तरी कुणावर, अशी ती स्वतःची समजूत घालायची. आपली कामं आपोआप नीट होतात असं वाटणारा तो एक भाबडा माणूस आहे, असं तिनं ठरवून टाकलं होतं. त्या समजुतीवर तिनं संसार रेटला.

मागच्या आठवड्यात नणंदेचा फोन आला. फोन स्पीकरवर होता.

"मग आमचंही स्वयंपाकघर तूच कर की रे."

"करतो ना, ताई. ही येईल डबा घेऊन. फक्त हिला सिमेंट कालवायला सांगू नकोस, चवीपुरतं मीठ टाकेल."

दोघं भावंडं पोट धरून हसली. ती तिथंच भाजी निवडत बसली होती. त्याच दिवशी त्यानं हे कपाट टांगलं. भुसभुशीत गिलाव्यात आखूड स्क्रू मारले आणि हात झटकले. तिनं ते पाहिलं आणि मूग गिळून गप्प बसली. या वेळी हात लावायचा नाही. पडू दे. सगळ्यांसमोर पडू दे, नणंदेच्याच ताटांसकट पडू दे.

आज दुपारी नणंद स्वयंपाकघर बघायला आली, सोबत तिचे यजमान. नवऱ्यानं इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. त्यानं दोघांना बाहेरच्या खोलीत बसवलं आणि स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं.

"पाणी प्या आधी. उद्घाटन नंतर," तो आतूनच ओरडला. मग तिच्याकडे वळला. "सगळं चकचकीत आहे ना? ताईची ताटं पुढे दिसू देत."

त्यानं कपाटाची दोन्ही दारं ऐटीत उघडली.

आवाज फार झाला नाही. सुकलेली फांदी मोडावी तसा एकदा, मग पुन्हा एकदा. उजवीकडचे स्क्रू गिलाव्याचे खडे घेऊन बाहेर आले आणि कपाट पुढे कललं. ताटं सरकली. त्यानं दोन्ही हात वर करून ते कसंबसं तोलून धरलं.

"धर! अगं, धर इकडनं!"

ती हात पुसत होती. ती पुसतच राहिली.

"काय झालं?" बाहेरून नणंदेनं विचारलं.

"काही नाही गं ताई! भांडं पडलं," तो म्हणाला. मग दातओठ खात, दबक्या आवाजात, "या वेळी घट्ट केलं नाहीस का तू?"

तिचे हात थांबले.

"काय म्हणालात?"

"स्क्रू गं! तू मागनं लांब लावतेस ना नेहमी. म्हणून तर मी हाताला आले ते मारून ठेवले."

नळाखाली भांडं होतं. त्यात एकही थेंब पडत नव्हता.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"न कळायला काय झालं? दार रंधलंस तेव्हा उंबऱ्यापाशी भुसा राहिला होता. त्याच्या आधीपण... जाऊ दे ना, ती काय वेळ आहे? हात भरून आलेत माझे. तुझा तो डबा काढ, साखरेच्या मागचा."

डबाही ठाऊक होता.

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं त्यात? घरचंच तर काम." त्याच्या कपाळावरून घाम ओघळत होता. "आता पटकन लाव. ताईसमोर शोभा नको."

तिनं त्याच्या वर गेलेल्या हातांकडे पाहिलं. भाबडा माणूस कुठं गेला ते तिला कळेना. कपाटातल्या साऱ्या काचा फुटल्या असत्या तरी आता तिचं समाधान होणार नव्हतं.

तिनं साखरेचा डबा बाजूला केला, मागचा डबा काढला आणि आतून लांब स्क्रू निवडले. ड्रिल आणलं, प्लग लावला. स्टूल कपाटाखाली ओढलं. त्याचा चेहरा सैलावला.

"शाबास. लवकर."

मग ती वळली आणि दारापाशी गेली.

"अगं, दार कशाला?"

दार सताड उघडलं. जराही घासलं नाही.

"ताई, आत या. कपाट कसं बसवतात ते बघायचं होतं ना तुम्हाला? भाऊजी, तुम्हीही या."

दोघं उंबऱ्यात येऊन उभी राहिली. नणंदेनं हात वर करून उभ्या असलेल्या भावाकडे पाहिलं, मग स्टुलावर चढणाऱ्या भावजयीकडे. तिच्या हातातला पाण्याचा पेला तसाच राहिला.

"हे काय चाललंय? तुला येतं हे सगळं?"

"यांना विचारा," ती म्हणाली. "यांना सगळं ठाऊक आहे."

नणंद उत्तराची वाट बघत राहिली.

खरं तर आधी ताटं उतरवायला हवी होती. वडिलांनी तेच सांगितलं असतं. ओझं उतरवा, मग हत्याराला हात लावा. तिनं ताटं राहू दिली. पेन्सिल घेऊन कपाटाच्या आतल्या पट्टीवर सावकाश खूण केली, पुसली, अर्धं बोट सरकवून पुन्हा केली.

"हलू नका," ती त्याला सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "दुसरं टोक नीट धरून ठेवा."

ड्रिल सुरू झालं. गिलाव्याची पांढरी पूड त्याच्या केसांवर, भुवयांवर, इस्त्रीच्या शर्टावर पडू लागली. झटकायला त्याला हात मोकळा नव्हता. पहिलं भोक झाल्यावर तिनं ड्रिल बंद केलं, भोकात फुंकर मारली आणि डब्यातले स्क्रू एकेक करून उजेडात धरून बघू लागली.