खणांचं डावं-उजवं

जरा थांबता का? तुमच्याशीच बोलतोय मी, जेवणाच्या खोलीतला साइडबोर्ड. ओकच्या लाकडाचा. ओक हे आडनाव नव्हे, झाडाचं नाव आहे. हा खुलासा मला नेहमी करावा लागतो. लोक मला कपाट म्हणतात, लांबट टेबल म्हणतात, एका बाईंनी तर "हा बुटका कितीला?" असं विचारलं होतं. बुटका आहे खरा. उंची कमरेएवढी, वर शेजारी-शेजारी दोन खण, खाली दोन दारं, आणि डोक्यावर एक सलग रुंद फळी. जेवणाआधी भांडी तिच्यावर मांडायची, त्यासाठीच माझा जन्म.

मला घडवणारा सुतार फार सावकाश काम करायचा. माझ्या फळ्या त्याने चार वर्षं सावलीत वाळवल्या. तोवर त्याची बायको मला "सवत" म्हणायला लागली होती. खण त्याने पट्टीने नाही, हाताने जुळवले. डावा खण जिथे सरकतो त्या पोकळीचं तोंड केसभर एका बाजूला तिरपं, उजवीचं दुसऱ्या बाजूला. म्हणून प्रत्येक खण त्याच्या-त्याच्या तोंडासाठी वेगळा तासला. पुढून पाहिलं तर दोघे जुळे भाऊ. घोटाळा होऊ नये म्हणून त्याने पाठीमागे पटाशीने खाचा पाडल्या, डाव्याला एक, उजव्याला दोन. मग चहा घेऊन आलेल्या बायकोला म्हणाला, "मुलांत डावं-उजवं करू नये, पण खणांत करावंच लागतं."

"चार वर्षांनी तोंड उघडलंत ते हे सांगायला?" ती म्हणाली.

पण तीही खूश झाली होती. खण इतके नेमके बसले होते, की एक आत ढकलला की आतली हवा दुसऱ्याला बोटभर बाहेर सारायची. तिने पाचसहा वेळा तो खेळ करून पाहिला.

पुढे मी एका शाळामास्तरांच्या घरी गेलो आणि तीन पिढ्या तिथेच राहिलो. डाव्या खणात चमचे. उजव्यात टेबलावर अंथरायची कापडं, आणि घरात ज्याला कुठेच जागा नाही ते सगळं: दोरे, बटणं, कुलूप हरवलेल्या किल्ल्या. माणसांची एक सवय मला कधी उमगली नाही. चांगल्या बशा पाहुण्यांसाठी बाहेर यायच्या, पाहुणे गेले की परत आत. घरची माणसं जन्मभर कपचे उडालेल्या बशांत जेवली. चांगल्या बशांना त्यांनी पुरतं वापरलंच नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

तिसऱ्या पिढीने नवं फर्निचर घेतलं आणि माझी रवानगी गाडी ठेवायच्या खोलीत झाली. डोक्यावर रंगाचे डबे, पोटात जुने बूट. एका डब्याचा गोल पांढरा डाग पडला, तो पडलाच. शेवटी जुन्या फर्निचरचा एक दुकानदार येऊन मला घेऊन गेला.

दुकानदार मनाचा चांगला, पण एका वेळी चार कामं करणारा. मला पुसून-घासून लख्ख केलं, खण काढून उन्हात ठेवले. तेवढ्यात फोन आला. एका हाताने फोन कानाला लावून त्याने दुसऱ्या हाताने खण परत ढकलले. डावा उजवीकडे, उजवा डावीकडे! मी जीव तोडून ओरडलो, पण लाकडाचं ओरडणं कुणाला ऐकू येतं? खण अर्धे जायचे आणि रुसून बसायचे. खेळ संपला.

"लाकूड फुगलंय," तो म्हणाला. त्याने कडांना साबण चोळला, मेणबत्ती घासली. काही उपयोग झाला नाही.

गिऱ्हाइकं यायची. पुरुष माझ्या पाठीवर टकटक करून जाणकारासारखी मान हलवायचे. बायका थेट खण ओढायच्या. खण अडला की दोघंही दुसऱ्या वस्तूकडे वळायचे. असे आठ महिने गेले. मग एका शुक्रवारी दुकानदार एका कॉफीवाल्याला म्हणाला, "उद्यापर्यंत गेला नाही, तर सोमवारी याची वरची फळी कापून देतो तुमच्या काउंटरला. बाकीच्याच्या फोटोच्या चौकटी होतील." मला फार भीती वाटली. चौकटीत राहून मी कुणाला वाढणार?

शनिवारी दुपारी दोन बायका आल्या, साठी उलटलेल्या, सख्ख्या जावा. थोरलीचं आयुष्य शिलाईत गेलेलं, धाकटी पोस्टातून निवृत्त झालेली. दोघींचे नवरे गेले होते, आणि आता एकच घर घेऊन एकत्र राहायचा विचार चालला होता. बरोबर थोरलीचा मुलगा होता, पुरता दमलेला.

"हे सातवं दुकान," तो म्हणाला. "आई, काकू, एक कपाट तुमच्या दोघींच्या पसंतीला उतरत नाही, एका घरात राहणार कशा? संध्याकाळी घरमालकाला हो की नाही ते कळवायचंय. जमत नसेल तर नाही सांगून टाकू."

त्याच्याकडे लक्ष द्यायचं नाही, यावर मात्र दोघींचं एकमत होतं.

थोरलीने मला वितीने मोजलं. "खुर्ची मागे सरकली की याला लागेल," ती म्हणाली, पुन्हा मोजलं, आणि "नाही, बसेल" म्हणाली. धाकटीने खाली बसून दार उघडलं आणि डोकंच आत घातलं.

"जाऊबाई, वास बघा. आत अजून झाड आहे."

"आणि हा डाग?"

"असू दे की. त्याला काय बोहल्यावर उभं करायचंय?"

थोरली चक्क हसली. माझी आशा वाढली. मग दोघींनी एकेक खण ओढला, आणि माझा धीर सुटला.

"माझा अडतोय," धाकटी म्हणाली. "बघा, नेहमीसारखं अडलेलं माझ्याच वाट्याला."

"माझाही अडतोय. आणि तुझ्या वाट्याला काय गं वाईट आलं?"

"आता तोंड उघडायला लावू नका. सासूबाईंनी चाळीस वर्षं आपल्यात डावं-उजवं केलं. उठता-बसता मला ऐकवायच्या, थोरलीसारखी सफाई तुझ्या हाताला नाही."

थोरलीच्या हातून खणाची मूठ सुटली. "काय सांगतेस? मला म्हणायच्या, धाकटीकडून शीक, नोकरी करून घर कसं हसतं ठेवते. माझं कौतुक एकदा तरी केलं का त्यांनी?"

"केलं ना, माझ्याजवळ."

"आणि तुझं माझ्याजवळ!"

"म्हणजे जाऊबाई," धाकटी सावकाश म्हणाली, "आपण दोघीही डाव्याच होतो की!" थोरलीला हसू आवरेना. हसता हसता तिने डोळ्यांना पदर लावला. धाकटीचेही डोळे भरून आले होते. ते लपवायला तिने खणाला जोरात हिसका दिला, आणि तो अख्खाच्या अख्खा बाहेर येऊन तिच्या मांडीवर पडला.

"हे काय गं, पाठीमागे खाच?" थोरली वाकली. मग घाईने तिने दुसरा खण उपसला. "याला दोन आहेत. अगं, बाहीला आम्ही अशाच खाचा मारतो, पुढे एक, मागे दोन. डावी बाही उजवीकडे लागली की झंपर खांद्यात अडतो. कापडाचा दोष नसतो. आण इकडे."

तिने खण बदलून लावले. दोन्ही सरसर आत गेले. तिने डावा पूर्ण ढकलला, आणि उजवा बोटभर बाहेर आला. दुकानदाराच्या हातातला चहाचा कप तसाच राहिला. "आणि मी लाकडाला दोष देत होतो," तो म्हणाला.

"आई, मग काय सांगू घरमालकाला?"

"हो सांग," दोघी एकदमच म्हणाल्या.

आता मी त्यांच्या जेवणाच्या खोलीत उभा आहे. पहिल्या दिवशी त्यांनी खोक्यांतून चांगल्या बशा काढल्या, माझ्या फळीवर मांडल्या, आणि तेव्हापासून रोज त्याच बशांत जेवतात. भांडतातही रोज, पण जेवणं एकत्र होतात. कोणाचा खण जास्त चांगला, असं कुणी विचारलं तर थोरली सांगते, "त्यांचं डावं-उजवं सुताराने केलंय. आम्ही करत नाही." सुताराचं बोलणं तिला कुणी सांगितलं, ते मला ठाऊक नाही.

तुमच्या घरीही एखादी जुनी वस्तू अडत असेल. करवत उचलण्याआधी एकदा तिची पाठ बघा, एवढीच माझी विनंती. बरं, आता बोलणं पुरे. जेवायची वेळ झाली. थोरलीने चमचे काढून डावा खण लावलाय, उजवा बोटभर बाहेर आलाय, आणि ती स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारतेय, "अगं ये, तुझा खण तुला बोलावतोय!"