पाणी पिणारी होडी

“आत्या, तू पळून जाणार आहेस का?”

प्रश्न माझा नव्हता. कुंपणाच्या भिंतीवर पाय हलवत बसलेल्या माझ्या दोन मैत्रिणींचा होता, मिरचीचा आणि लंबूचा. माझ्यात विचारायची हिंमत नाही, अशी त्यांनी पैज लावली होती. आणि या वर्षी मला कुणी ‘तुझ्यात हिंमत नाही’ म्हटलं की माझं डोकंच फिरतं. गेल्या वर्षीपर्यंत मी पाहुणे आले की कपाटामागे जाऊन उभी राहायचे. या वर्षी मुलींनाही खेळायला मैदान द्या म्हणून थेट मुख्याध्यापकांच्या खोलीत घुसले. मैदान मिळालं. तेव्हापासून माझी खात्रीच झालीय, विचारलं की मिळतं.

आत्या होडीखाली उताणी पडली होती. बाहेर फक्त पाय दिसत होते. आतून चाललेला खरवडण्याचा आवाज थांबला.

“कोण म्हणतं?”

“सगळेच.”

“मग सगळ्यांना सांग, पळून जायचं असतं तर बस पकडली असती. दोन वर्षं लाकूड घासून कुणी पळतं का?”

भिंतीवरून खिदळणं ऐकू आलं.

“आणि त्या दोन माकडिणींना म्हणावं, पाय हलवण्यापेक्षा हात हलवा. इथे घासायला माणसं कमी पडतायत.”

खिदळणं बंद. दोघी भिंतीपलीकडे उड्या टाकून पसार. पैज जिंकूनही मी तिथेच उभी राहिले, कारण पायांनी मला जवळ बोलावल्यासारखं वाटलं. खरं तर आत्याने फक्त अंगठा हलवला होता. “तो पॉलिशपेपर दे गं,” ती म्हणाली. मी दिला आणि जी अडकले ती अडकलेच.

माझी आत्या कवळ्या बनवते. दातांचे डॉक्टर तोंडांची मापं पाठवतात आणि ती एका लांबट खोलीत बसून मेण, प्लास्टर आणि कसल्याशा गुलाबी पावडरीतून लोकांना नवे दात करून देते. आमच्या भागातले निम्मे म्हातारे आत्याच्या दातांनी हसतात. त्यातले बरेचसे आत्यालाच हसतात. ती आमच्याच घराच्या मागच्या दोन खोल्यांत राहते. लग्न केलं नाही. का नाही, हे विचारायची पैज अजून कुणी लावलेली नाही.

तलावावरचं जुनं नौकाघर बंद झालं तेव्हा तिथल्या होड्या जळणात निघाल्या होत्या. त्यातली सगळ्यात लहान, एका शिडाची, जेमतेम दोघांची होडी आत्याने मागून घेतली आणि हातगाडीवरून घरी आणली. बाबांनी फाटक उघडलं तर समोर होडी.

“हे काय?”

“होडी.”

“ते दिसतंय मला!”

एवढंच बोलणं झालं आणि होडी मागच्या अंगणात आली. नेमकं त्याच अंगणात बाबांना गोदाम बांधायचं होतं. बाबांचं नळ, बेसिन आणि फरशांचं दुकान आहे आणि आमच्या घरात जिन्याखालीसुद्धा बेसिनं झोपलेली असतात.

होडी म्हणजे नुसता सांगाडा होता. फळ्यांमधल्या फटींत काळं, कडक झालेलं काहीतरी साचलेलं होतं. ते आत्या दातांचं किटण काढायच्या आकड्याने उकरायची. कामाला बसताना होडीला म्हणायची, “हं, आ कर.” दोन बरगड्या कुजल्या होत्या. नव्या लाकडाला वाफ देऊन वाकवायचं, तर वाफ आईच्या मोठ्या किटलीची.

“ताई, माझी किटली!” स्वयंपाकघरातून आई.

“आलेच वहिनी, बरगडी बसली की देते.”

“बरगडी म्हणे! घर आहे का हॉस्पिटल?” पण शीड शिवायची वेळ आली तेव्हा शिलाई मशीनवर आईच बसली. आत्याची शिलाई बघवत नव्हती म्हणे तिला. दोन खोल्या भरून शीड पसरलं होतं. त्या दिवशी आम्ही शिडाची कड मांडीवर घेऊनच जेवलो. बाबांनी मात्र आपलं ताट उचललं आणि दारात जाऊन बसले.

शेवटचं काम फटी भरायचं. कापसाची सैल दोरी फटीत बसवत जायची आणि वरून लांबीचा मऊ लगदा लिंपायचा. मी आपली जोर लावून ठासत होते.

“हळू, शहाणे. जागा सोड थोडी.”

“पाणी शिरेल ना!”

“शिरू दे. किती वर्षं कोरडी पडलीय ती. पाण्यात गेली की फळ्या फुगतील आणि एकमेकींना बिलगतील. आत्ताच घट्ट भरलीस तर फुगायला जागा कुठाय? फुटतील. कवळीचंही तेच. पहिल्याच दिवशी आवळून बसवली की माणूस संध्याकाळी रडत परत.”

हे बाबांनी ऐकलं. दुसऱ्या दिवशी दुकानातून फटी बुजवायच्या सीलंटची एक जाडजूड नळी आत्यासाठी घेऊन आले. चेहरा अगदी मोठ्या भावाचा.

“ही घे, चिंगे. नळाच्या सांध्यांना लावतो आम्ही. तासाभरात दगड.”

“दगडच नकोय दादा.”

“मग काय, गळकी सोडणार पाण्यात?”

“सुरुवातीला भरेल पाण्याने. दोन-तीन दिवस पाणी पिईल, मग थांबेल.”

“म्हणजे बुडणार हे आधीच सांगून ठेवतेयस!” बाबांनी नळी परत खिशात घातली. त्यांना लागलं होतं, ते मला दिसलं. “इतकी वर्षं धंदा करतोय. गळती आपोआप बंद झालेली मी अजून पाहिली नाही. बुधवारी सोड पाण्यात. शनिवारी संध्याकाळपर्यंत तरंगली, तर अंगण तुझं, गोदामाचं नाव काढणार नाही. नाही तरंगली तर लाकूडवाल्याला बोलावतो. मंजूर?”

“मंजूर,” आत्या म्हणाली. तिने वरही पाहिलं नाही.

मंगळवारी आम्ही शेवटचा व्हार्निशचा हात देत होतो. मी विचारलं, “तू कितीदा बसलीयस गं अशा होडीत?”

“एकदाही नाही.”

माझा ब्रश हवेतच राहिला. “एकदाही?”

“आजोबा तुझ्या बाबाला न्यायचे शिकवायला. मी काठावर असायचे, त्याचे बूट धरून.”

“का?”

“ओले होऊ नयेत म्हणून.”

“तसं नाही गं! तुला का नाही न्यायचे?”

तिने फळीच्या टोकापर्यंत ब्रश ओढत नेला. एकसुद्धा केस चिकटू दिला नाही. “मी विचारलंच नाही. तेव्हा माझ्याशी कुणी पैज लावली नव्हती ना.” मग हसली. “काठावरून बघून बघून शिकले पण सगळं. तुझा बाबा सुकाणू नेहमी उलटं ओढायचा.”

बुधवारी टेम्पोतून होडी तलावावर गेली आणि तिच्यामागून आमचा अख्खा रस्ता. कवळीवाले आजोबा सगळ्यात पुढे. मिरची आणि लंबू झाडावर. होडी घाटाच्या पायऱ्यांवरून सुळकन उतरली आणि पाण्यावर अशी उभी राहिली, की मी टाळ्या वाजवायला हात उचलले. तेवढ्यात तिच्या सगळ्या फटींतून पाणी झिरपायला लागलं. झिरपता झिरपता वाहायला लागलं. बघता बघता होडी काठोकाठ भरली. लाकडाची म्हणून तळाला गेली नाही एवढंच. पाण्यात बुडवून ठेवलेल्या परातीसारखी दिसत होती.

मग पुढचे आजोबा जोरात हसले. आत्याने शांतपणे त्यांच्या तोंडाकडे निरखून पाहिलं.

“आजोबा, वरची उजवीकडून सैल झालीय तुमची. उद्या या, घट्ट करून देते.”

आजोबांनी तोंड मिटलं. पण बाकीचे हसतच घरी गेले. “झाली हौस?” बाबांनी दातओठ खात विचारलं. “उद्या दुकानात प्रत्येक गिऱ्हाईक मला हेच विचारणार.”

“शनिवार ठरलाय, दादा,” आत्या म्हणाली आणि दोरी खुंट्याला बांधायला लागली.

मला शाळेची सुट्टी होती, तिला कामाची नव्हती. म्हणून दिवसभर पाणी उपसायचं काम माझ्याकडे आलं. गुरुवारी मी बादलीने होडी रिकामी केली आणि ओला झगा पिळेपर्यंत ती पुन्हा भरलेली. परत उपसली, परत भरली. खरं सांगू? संध्याकाळपर्यंत मला रडू यायला लागलं होतं. मनात आलं, बाबांची ती नळी लावली असती तर काय बिघडलं असतं?

आत्या कामावरून आली. बाह्या वर करून तिने पाण्याखालच्या फळीवर तळवा ठेवला. माझा ताप बघताना आई ठेवते ना, तसा. बराच वेळ ठेवला.

“फुगतेय.”

“मला तर काहीच दिसत नाही!”

“दिसत नाहीच. हाताला कळतं.”

शुक्रवारी होडी भरायला दुपार झाली. शुक्रवारी मी रडले नाही.

शनिवारी सकाळी आत्या शिडाचं गाठोडं सायकलला बांधूनच कामावर निघाली. “कुणाचं तरी तोंड अडलंय, गेलंच पाहिजे. परस्पर तलावावर येते,” म्हणाली. मी होडी उपसली, फडक्याने तळ पुसला आणि आडव्या फळीवर बसून वाट बघत राहिले. ऊन डोक्यावर आलं. तळाशी नुसता ओलावा होता, भांडं विसळून पालथं घातल्यावर राहतो तेवढा. मला नाचावंसं वाटत होतं, पण होडीत नाचत नाहीत एवढी अक्कल आली होती.

आणि घाटावर बाबा दिसले. सोबत लाकूडवाला, त्याची गाडी, कुऱ्हाड. मागून छत्री घेतलेली आई.

“संध्याकाळ ठरली होती!” मी बसल्या जागेवरून ओरडले.

“त्याची गाडी आत्ताच मोकळी आहे.”

“आत्या नाहीये इथे!”

“नाहीये म्हणूनच...” बाबा थबकले. आवाज खाली आला. “तिच्या डोळ्यांदेखत तोडायची का? तू उतर बघू.”

मी खुंट्याची दोरी सैल केली आणि पायरीला रेटा देऊन हातभर लांब सरकले.

“बुडाली की उतरते.”

“काय बोलतेस तू बाबांशी!” आई.

“अगं आई, खरंच सांगतेय. बुडाली की लगेच उतरते. आत्यानेच शिकवलंय मला पोहायला. तुम्ही बसा ना तोवर.”

लाकूडवाला बसला. झाडाची सावली बघून, पाय लांब करून, मजेत. आईही छत्री घेऊन एका पायरीवर टेकली. बाबा उभेच. ते माझ्याकडे बघतच नव्हते. होडीची कड पाण्याच्या किती वर आहे, ते बघत होते. एखाद्याच्या न्हाणीघरात शिरले की ते ओल शोधत भिंतीकडे बघतात, तशी नजर. कड जिथे होती तिथेच राहिली.

बऱ्याच वेळाने ते सगळ्यात खालच्या पायरीवर येऊन उकिडवे बसले. “जवळ घे. तळ दाखव.”

मी दोरी ओढून जवळ आले. त्यांनी वाकून आत हात घातला आणि दोन फळ्यांच्या मधोमध अंगठा दाबला. उचलून बोटावर चोळला. पुन्हा दाबला.

“सकाळी उपसलीस?”

“हो.”

“परत नाही भरली?”

“तुमच्यासमोरच बसलीय ना मी.”

लाकूडवाल्याने कपडे झटकले. “साहेब, मी निघतो. पोरगी उतरत नाही आणि होडी बुडत नाही. मी काय करू इथे?”

त्याची गाडी वर चढत होती तेव्हाच आत्याची सायकल खाली येत होती. तिने गाडीतली कुऱ्हाड पाहिली, बाबांना पाहिलं, मला पाहिलं. कोपरापर्यंत प्लास्टरने पांढरी झालेली, अंगात कामाचा झगा तसाच. धावली नाही. सायकल नीट उभी केली, शिडाचं गाठोडं सोडलं आणि पायऱ्या उतरून आली.

“पाणी?” तिने मला विचारलं.

मी बादली पालथी करून दाखवली. एक थेंब पडला.

“चिंगे, मला वाटलं...” बाबा म्हणाले.

“हो दादा. सगळ्यांनाच वाटलं.”

तिने शीड चढवायला घेतलं. किती वेळा मनात चढवलं असेल कोण जाणे, एकही गाठ चुकली नाही. वाऱ्याने शीड एकदा फडफडलं. मग तिने चपला काढल्या, पायरीवर जोडीने ठेवल्या आणि होडीत पाय ठेवला. होडी जराशी दबली आणि सावरली.

“एकटीच जा हं,” बाबा घाईघाईने म्हणाले. “ती नाही येणार. तू पहिल्यांदाच चालवतेयस.”

“अजिबात नाही,” आई उठून उभी राहिली. “उतर गं तू.”

आत्याने सुकाणूवर हात ठेवला. “मला काय सांगताय? तिला विचारा.”

कुणी विचारलं नाही. म्हणून या वेळी मीही विचारलं नाही. मी वाकून माझे बूट काढले. हात लांब करून पायरीवरच्या आत्याच्या चपला घेतल्या, बुटांवर ठेवल्या आणि ते सगळं बाबांपुढे धरलं.

“आई, बाबा, मी आत्याबरोबर पलीकडच्या काठापर्यंत जातेय. बाबा, हे धरा. ओले व्हायला नकोत.”