वरचे आठ सूर

दाताच्या डॉक्टरांनी ताईच्या दुरुस्तीच्या दुकानात पियानो आणला तेव्हा तो उतरवायला चार माणसं लागली, आणि पाचवे स्वतः डॉक्टर, नुसत्या सूचना द्यायला. दवाखाना बंद करून त्यांना सहा वर्षं झाली होती, पण सवय जाते कुठे? झाकण उचलून ते आत अशा तऱ्हेनं डोकावले की पियानोनंच आ करावा. जुन्या इलेक्ट्रिक पियानोंचं वेड लागलेल्या सात-आठ जणांचं एक मंडळ होतं आणि डॉक्टर त्यातले सगळ्यांत पोहोचलेले. या जातीचे पियानो मुळात बनलेच थोडे, त्यातले धड असलेले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. हा एका संगीतशिक्षिकेच्या घरी पंचवीस वर्षं खोळीखाली पडून होता. रविवारी तो डॉक्टरांच्या दिवाणखान्यात मंडळासमोर वाजायला हवा होता. ताईंशिवाय हे कोणाचं कामच नाही, असं दोनदा सांगून ते गेले.

ताई साठीला टेकलेली, दुकानामागच्या दोन खोल्यांत एकटी राहणारी. मंडळाचे फोन तिला सारखे येत, पण ते सगळे पियानोंच्या तब्येतीचे. कोणाच्या तरी स्विचची खरखर ती अर्धा अर्धा तास ऐकून घेई; ताई, तुम्ही जेवलात का, हे विचारायचं मात्र त्यांच्यातल्या एकालाही कधी सुचलं नाही. माणसं वाईट नव्हती. पण रिसीव्हर ठेवला की दुकान फारच गप्प होई, आणि मग ती उगीचच एखादा पियानो चालू करून त्याची घरघर ऐकत बसे.

हे काम तिला बाबांनी शिकवलं. या पियानोत तारा नसतात. प्रत्येक पट्टीमागे एक पोलादी पातं असतं आणि त्याच्या टोकावर कथलाचा थेंब. थेंब वाढवला की सूर उतरतो, कानशीनं घासला की चढतो. बाबांचा हात याबाबतीत असा होता की सूर मोजून काटा दाखवणारं यंत्र त्यांनी कधी घरात येऊ दिलं नाही. साठीत त्यांचे कान गेले. सगळे नाहीत, फक्त वरचे. शेवटचे आठ सूर त्यांना उतरलेले वाटत, म्हणून ते घासून चढवत, आणि ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येई.

हे त्यांना तोंडावर सांगायची तिची छाती झाली नाही. त्याऐवजी ती दुसऱ्या दिवशी त्या घरी जाई, काल आमचा पाना राहिला वाटतं म्हणे, आणि गुपचूप घेतलेल्या यंत्रावर बघून वरच्या आठ पात्यांवर थेंब चढवून सूर खाली आणी. घरोघरी असंच. बाबा तिला हसत, हिचं डोकं एक दिवस कोणाकडे तरी राहील म्हणत. खुद्द बाबा तरी काय कमी होते? म्हातारपणी त्यांचा चष्मा दर कामाला राहायचा. तीन-चार दिवसांनी तो आणायला ते एकटेच जात. वर्षानं पुन्हा काम निघे तेव्हा वरचे सूर चढलेलेच असत. ती म्हणे, हवेचा दोष.

बाबांना जाऊन चौदा वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत वापरातले सगळे पियानो तिच्या हाताखालून गेले, सगळ्यांचं जुनं कथील तिनं साफ केलं. काम चोख झालं, पण बाबांच्या कानाचा एकही सूर कुठे उरला नाही. हे तिच्या ध्यानात आलं तेव्हा उशीर झाला होता. तेव्हापासून ते तिला खात होतं.

मंडळानं अलीकडे एक रीत पाडली होती. हात लावण्याआधी प्रत्येक पात्याचा भिंगातून फोटो काढायचा, काय मूळचं आहे ते नोंदायला. एरवी ताई या रीतीला नाकं मुरडत असे. शुक्रवारी दुपारी ती चौसष्ट फोटो काढत शेवटच्या आठांपर्यंत आली आणि तिथेच थांबली.

पात्यांवर तिचे थेंब होते. गोल, गुबगुबीत, ती तेव्हा द्यायची तसे. आणि त्यांच्या माथ्यावर कानशीचे ओरखडे होते, डावीकडे झुकलेले. बाबा डावखुरे होते.

म्हणजे तिच्यानंतर ते त्या शिक्षिकेच्या घरी पुन्हा गेले होते. चष्मा आणायला.

ती स्टुलावर बसली. सगळ्याच घरी असं झालं असणार. ती बाबांना सांभाळून घेत होती आणि बाबा तिला सांभाळून घेत होते. रात्री दोघं एका टेबलावर जेवत, पान्यावरून आणि चष्म्यावरून एकमेकांना चिडवत, आणि एकानंही तोंड उघडलं नाही. तिला हसू आलं, मग रडू आलं.

तिनं डॉक्टरांना फोन केला. वरचे आठ आहेत तसे राहू देत, म्हणाली. बाबांच्या हातचे आहेत, एवढंच कसंबसं म्हटलं.

"ताई, रविवारी वाजवायला येणारी बाई पार वरच्या सुरांपर्यंत जाणार आहे," डॉक्टर हळू आवाजात म्हणाले. "बेसूर लागलं तर सगळे माझ्याकडे बघतील. आणि फोटो काढलेत ना तुम्ही?"

त्यांचं काही चुकत नव्हतं. फोटोतून सूर ऐकू येत नाही, हे त्यांना सांगून काय उपयोग होता?

तिनं पियानो चालू केला आणि काम सुरू करण्याआधी ते आठ सूर एकदा वाजवले. पुन्हा वाजवले. तिला ते चढे वाटेनात. स्वच्छ, बरोबर वाटले. यंत्राचा काटा मात्र उजव्या टोकाला जाऊन बसला होता. म्हणजे तिचेही कान गेले. बाबांचे गेले तेव्हा मागून पाना विसरून येणारी मुलगी तरी होती. तिच्या मागून येणारं कोण होतं? तिला फार एकटं वाटलं, बाबा गेले त्या दिवसापेक्षाही.

मग तिनं सोल्डरिंग गन तापवली आणि बाबांच्या ओरखड्यांवर एकेक थेंब चढवला. काटा मधोमध येईपर्यंत. तिच्या कानाला आठही सूर मेलेले लागत होते, पण तिनं काट्याचं ऐकलं.

रविवारी पियानो झकास वाजला. नेहमी नाक वर असलेल्यांनीही माना डोलावल्या. डॉक्टरांनी सगळ्यांदेखत ताईचं कौतुक केलं आणि मंडळ लगेच सिरीयल नंबरांकडे वळलं. ती कोपऱ्यातल्या खुर्चीत थोडा वेळ बसली, मग कोणाला न सांगता निघाली.

बुधवारी सकाळी फोन वाजला.

"ताई, तुमचा चष्मा इथेच राहिलाय की," डॉक्टर म्हणाले. "पियानोच्या मागे पडला होता. पाठवून देऊ का?"

"नको," ताई म्हणाली. "मीच येते."

तिनं खण उघडला, बाबांची कानस पुसली आणि पिशवीत टाकली.