कोंडाबाईनं घालून पाहिलेली जीन्स

मी एक जुनी जीन्स आहे, मित्रांनो. गडद निळी, उंच कमरेची, मांडीत सैल आणि खाली सरळ. आता गुडघ्यांवर माझा रंग उडाला आहे आणि पायांच्या कडांना सोयाबीनची धूळ बसली आहे. ती कितीही धुतली तरी निघत नाही. भोकरजवळच्या एका गावात, पत्र्याच्या घरासमोर तारेवर मी वाळत असते. माझ्या शेजारी पुरुषाचा एक जुना फुल शर्ट आणि एक सुती साडी असते. आम्ही तिघं एकाच बाईच्या अंगावर जातो. हे कसं घडलं, ते आज तुम्हाला सांगते.

माझ्या अंगातला कापूस कुठल्या शिवारातला, हे मला ठाऊक नाही. दूरच्या कारखान्यात मी विणले गेले, रंगवले गेले, शिवले गेले आणि गठ्ठ्यात बांधून भोकरला शिवलिंगआप्पांच्या दुकानात आले. तिथं फळीवर बारीक नळीच्या जीन्स पुष्कळ होत्या. त्यांचा तोरा काय सांगावा! गिऱ्हाईक आलं की त्याच पुढं. मुली त्यांना पडद्यामागं नेत, श्वास रोखून बटण लावत आणि आरशात पाहून खूश होत. त्यातल्या कितीतरी जणींना त्या घालून धड बसताही येत नसे. पण बसून कोण पाहतं? आरशासमोर सगळे उभेच राहतात. मला मात्र कोणी उलगडूनसुद्धा पाहत नव्हतं. तळाशी पडून पडून माझ्या घडीवर पांढरी रेघ उमटली होती, आणि खरं सांगायचं तर मला त्या बारक्या जीन्सचा फार राग येई.

एप्रिलच्या तोंडाशी एक दिवस कोंडाबाई दुकानात आली. रोजानं शेतात जाणारी, रुंद बांध्याची, ठाम चालीची बाई. तिची एकुलती एक लेक लुंबिनी लातूरला पॉलिटेक्निकात शिकत होती. लेक चौदा एप्रिलच्या जयंतीला गावी येणार होती आणि तिला न सांगता नवे कपडे घ्यायचे होते.

"लेकीला घेऊन या मावशी," शिवलिंगआप्पा म्हणाले. "जीन्सचं माप असं अंदाजानं न्हाई जमत."

"अंदाज कशाला आप्पा? लेक माझ्याच अंगाची हाय. माझा ब्लाउज तिला येतो, तिची चप्पल मला येती."

"मग काय, तुम्हीच घालून बघता का?" आप्पा थट्टेनं म्हणाले.

"हाव," कोंडाबाई म्हणाली आणि दोन-चार जीन्स उचलून पडद्यामागं गेलीसुद्धा.

तिथं तिनं आरशाकडं पाठ केली. एकेक जीन्स चढवायची आणि खुरपायला बसतात तशी उकिडवी बसायची. बारक्या जीन्सची तेव्हा जी फजिती झाली, ती पाहून माझं मन निवलं. एकीचं बटण उडालं, एक गुडघ्यावरच अडली. बाहेर येऊन कोंडाबाई म्हणाली, "ह्या उभ्या राहणाऱ्या बायांच्या हायत. माझी पोरगी उन्हात टेप धरून रस्ते मोजती. तिला वाकाया आलं पायजे, बसाया आलं पायजे." आप्पांनी डोकं खाजवलं आणि तळातून मला ओढून काढलं.

कोंडाबाई मला घालून बसली, उठली, चालली, पुन्हा बसली. मी तिला कुठंही काचले नाही. तेव्हा कुठं तिनं आरशात पाहिलं, आणि तोंडाला पदर लावून एकटीच हसली. तर मित्रांनो, लुंबिनीच्या आधी मला तिच्या मायनं घातलं होतं. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण पुढं ते फार उपयोगी पडलं.

जयंतीच्या दिवशी लुंबिनीनं मला पांढऱ्या कुर्त्याखाली घातलं. मायचं माप तंतोतंत खरं ठरलं. मी तिच्यावर अशी बसले की जणू मला तिच्यासाठीच कापलं होतं. मिरवणुकीला निघताना दारात तिची चुलती केवळाबाई भेटली. तिनं वरून खाली पाहिलं आणि म्हणाली, "पोरी, हे कपडे बारीक पोरीला शोभतेत. तू भरल्या अंगाची." लुंबिनीनं कुर्ता ओढून खाली घेतला. तिचे वडील पंढरी फार कमी बोलणारे. ते जोडे घालता घालता म्हणाले, "माझ्या लेकीला शोभती." त्या दिवशी ती ढोलाच्या पुढं मनसोक्त नाचली. तरी मधूनमधून तिचा हात कुर्ता खाली ओढायला येत होता. तो हात मला कळत होता.

लातूरला तिच्या खोलीत मंजुश्री राहायची. ती उदगीरच्या व्यापाऱ्याची मुलगी, कपड्यांतली दर्दी. तिनं मला पाहिल्याबरोबर लुंबिनीचा कुर्ता काढायला लावून आखूड टॉप दिला. "लपवून काय करायलीस? कंबर रुंद असली की गडद रंग, उंच पट्टा आणि सरळ पाय, हेच बरोबर. खालून दुमडू नको, बुटकी दिसशील. आणि मागचे खिसे मोठे हायत ते लई चांगलं. कोणी निवडली गं?"

"मायनं. दुकानात स्वतः घालून बघून."

मंजुश्री हसून हसून गादीवर आडवी झाली. मग म्हणाली, "मला पण अशी माय पायजे होती."

ते दिवस फार सुखाचे होते. सर्व्हेच्या प्रॅक्टिकलला लुंबिनी मला घालून उन्हात फिरायची. टेपचं टोक धरून धावायची, मातीत बसायची. माझ्या खिशात खडू, खिळे, सुतळी आणि कधी कधी चिंचा असत. कपड्याला याहून जास्त काय हवं असतं? अंगावर जावं, अंगाबरोबर वाकावं आणि संध्याकाळी मळून परत यावं.

पुढच्या वर्षी होळीच्या सुमाराला मला पहिल्यांदा चाहूल लागली. सकाळी बटण लावलं आणि कमरेत वारा शिरला. आधी मला वाटलं, मीच ताणले गेले असेन. जुन्या कापडाचं तसं होतं. पण मग मांडीतही मी लोंबू लागले. लुंबिनीनं पट्टा आणला, मग पट्ट्याला खिळ्यानं नवं भोक पाडलं. ती जेवत तर चांगली होती, उलट जास्तच जेवत होती. पाण्याची बाटली घडोघडी रिकामी करायची आणि घडोघडी लघवीला जायची. चार पायऱ्या चढली की तिच्या पोटऱ्या थरथरत. हे सगळं मला कळत होतं, कारण मी तिच्या अंगाला लागून होते. पण मला तोंड नाही.

ज्यांना तोंड होतं ते काय म्हणाले, ऐका. मंजुश्री म्हणाली, "किती मस्त बारीक झालीस! काय करून राहिलीस, मला पण सांग ना." वर्गातल्या मुली म्हणाल्या, जीन्स आता कुठं शोभायला लागली. तहानेला उन्हाळा कारण होता आणि थकव्याला अभ्यास. मंजुश्रीनं माया करून तिला ग्लुकोज पावडर आणून दिली. रोज संध्याकाळी दोघी रसवंतीवर जाऊन उसाचा रस पिऊ लागल्या. लुंबिनी रस पिऊन आरशासमोर उभी राहायची आणि वळून वळून स्वतःला पाहायची. कुर्ता खाली ओढणारा तो हात आता येत नव्हता.

मग तिनं मला मलप्पा टेलरकडं नेलं. मलप्पानं कमरेतून आणि मांडीतून मला आत घेतलं. "कापड कापत न्हाई," तो म्हणाला. "शिवणीतली माया आतच ठेवतो. लगीन झाल्यावर पोरी भरतेत, तवा उसवून घे." लुंबिनी लाजली. मी आता त्या बारक्या जीन्ससारखी दिसत होते. एकेकाळी त्यांचा मला हेवा वाटायचा. आता ती शिवण मला रुतत होती.

पुन्हा जयंती आली. लुंबिनी गावी गेली तर सगळी गल्ली तिला पाहायला. केवळाबाईनं तिची हनुवटी धरली. "आता शोभती बघ. आता दिसती शहरातली." लुंबिनीचा चेहरा फुलला. अशी फुललेली ती मी कधी पाहिली नव्हती.

कोंडाबाई चुलीपाशी होती. ती उठून आली. तिनं लेकीच्या पाठीमागं उभं राहून माझ्या पट्ट्यात हात घातला. मलप्पानं आत घेतल्यानंतरही तिची अख्खी मूठ आत गेली.

"ही मी मापानं आणली होती," ती म्हणाली. "माझ्या मापानं. तुझं अंग कुठं गेलं गं?"

"माय, बारीक झाले म्हणून एवढं काय?"

"उद्या नांदेडला जाऊ. दवाखान्यात दाखवू."

"परीक्षा हाय माय. झाली की जाऊ." मग लुंबिनी हळूच म्हणाली, "आत्ता कुठं मला जीन्स शोभायला लागली. आत्ता कुठं समदे चांगलं म्हणून राहिलेत. तूच तेवढी रडका चेहरा करायलीस."

सगळं गाव चांगलं म्हणत असताना, आपणच अडाणी असू, असं कोंडाबाईला वाटलं असेल. मित्रांनो, त्या एका क्षणी मला वाचा असती तर मी किंचाळले असते. बाई, तुझीच मूठ खरी आहे! पण तिनं हात बाहेर काढला आणि लेकीच्या पिशवीत बेसनाचे लाडू भरायला घेतले.

लातूरला परत आल्यावर थोड्याच दिवसांत लुंबिनीला उलट्या सुरू झाल्या. सगळ्यांना वाटलं, ऊन लागलं. दुपारी तिचा श्वास मोठा आणि भराभर चालू लागला आणि ती नीट बोलेना. मंजुश्रीनं तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि विचारलं, "हिला साखर कधीपासून आहे?"

"साखर?" मंजुश्री म्हणाली. "साखर तर जाड्या लोकांना असते ना? म्हाताऱ्यांना? ती तर इतकी बारीक आहे."

डॉक्टर म्हणाले की कोवळ्या वयातही ती होते, आणि त्यात माणूस असंच झपाट्यानं वाळतं. वेळेवर कळून रोज सुई घेतली, तर माणूस इतरांसारखं जगतं. त्यांनी पुष्कळ धडपड केली, पण लुंबिनी वाचली नाही. मला उतरवून एका पिशवीत ठेवलं होतं, म्हणून शेवटी तिच्याजवळ मी नव्हते. याचं दुःख मला अजून आहे.

कोंडाबाई आणि पंढरी नांदेडला बस बदलून आले. वाटेत अहमदपूरच्या स्टँडवर कोंडाबाईनं लेकीसाठी मोसंबी घेतली होती. ती पोचली तेव्हा तिच्या एका हातात मोसंबीची पिशवी होती, आणि दुसऱ्या हातात नर्सनं माझी पिशवी दिली. त्या दोन्ही पिशव्या तशाच घरी परत आल्या.

पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे मरणानंतरच्या विधीच्या दिवशी लुंबिनीचे बाकीचे कपडे वाटून टाकले. मंजुश्री उदगीरहून आली होती. ती कोंडाबाईच्या मांडीवर डोकं ठेवून म्हणाली, "मावशी, मी रोज तिला छान म्हणत होते. रोज." कोंडाबाईनं तिच्या केसांतून हात फिरवला. "तू प्रेमानं म्हणलीस बाई. मला कळलं होतं, तरी मी लाडू बांधत बसले." केवळाबाई दारापाशी उभी होती. तिनं आपल्या मुलीसाठी मला मागितलं. कोंडाबाईनं नकारार्थी मान हलवली आणि मला पेटीत ठेवलं.

पावसाळा मी पेटीत काढला. सोयाबीन काढणीला आलं तेव्हा कोंडाबाईनं मला बाहेर घेतलं. सोयाबीनच्या शेंगा आणि धसकटं फार टोचतात, म्हणून आमच्याकडच्या बाया साडीवर नवऱ्याचा जुना फुल शर्ट घालतात. हात वाचतात, पण पाय ओरबाडून निघतात. ती उंबऱ्यात बसली आणि ब्लेडनं मलप्पाची शिवण उसवू लागली. एकेक टाका तिनं सावकाश काढला. आतलं लपलेलं कापड बाहेर आलं. ते अजून गडद निळं होतं, लुंबिनीनं पहिल्या दिवशी घातलं होतं तसं. मग तिनं मला साडीच्या आत चढवलं, उकिडवी बसली, उठली. मी कुठंही काचले नाही.

रानात बाया आधी हसल्या. "कोंडा जीन्स घालून आली!" मग एकीला आठवलं ती कुणाची, आणि सगळ्या खाली मान घालून कापू लागल्या. कोंडाबाई विळा चालवता चालवता इतकंच म्हणाली, "लेक माझ्याच अंगाची होती."

तेव्हापासून मी तिची आहे. मित्रांनो, कपडा निवडताना आरशात बघा, रंग बघा, खिसे बघा. पण बसून बघा, आपल्या कामाच्या आणि आपल्या अंगाच्या मापानं घ्या, आणि कुणाच्या बोलण्यावरून आपलं अंग जोखू नका. आणि एखादी मैत्रीण अचानक वाळू लागली, तर तिला छान म्हणण्याच्या आधी तिला तहान किती लागते ते विचारा.

एक गोष्ट मात्र मी अजून कुणाला सांगू शकलेले नाही. काढणी सरत आली आहे. परवा कोंडाबाईनं मला घातलं, तेव्हा माझ्या कमरेत वारा शिरला. काल तिनं सुतळी बांधली. ती एक भाकरी घेते आणि अर्धी परत टोपलीत ठेवते. रानातल्या बाया म्हणतात, कामानं अंग हलकं झालं, बरी दिसायलीस. पंढरी बिचारे स्वतःच्याच दुःखात बुडालेले आहेत.

मला तोंड नाही, मित्रांनो. तुम्हाला आहे. भोकरच्या वाटेनं कधी आलात आणि पत्र्याच्या घरासमोर तारेवर गडद निळी जीन्स दिसली, तर थोडं आत या. कोंडाबाईच्या शेजारी बसा आणि तिला विचारा, "मावशी, जेवलात का?"